मुलं ऐकतात कमी, पाहतात जास्त

आपण मुलांना वर्णद्वेष शिकवत नाही, असं बहुतेक आईवडिलांना मनापासून वाटतं. तरीही तो एका पिढीतून पुढच्या पिढीत जातो. कसा, ते शोधायला निघालेल्या मानसशास्त्रज्ञांच्या हाती काय लागलं, त्याची ही हकिकत.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात २००६ च्या सुमारास बिर्गिटे व्हिट्रप या संशोधिकेनं एक प्रयोग आखला. पाच ते सात वर्षांची मुलं असलेली जवळपास शंभर गोरी कुटुंबं तिनं गोळा केली. काही घरांना तिनं मुलांचे असे टीव्ही कार्यक्रम दिले, ज्यांत निरनिराळ्या वंशांची मुलं एकत्र खेळतात, एकमेकांच्या घरी जातात. काही घरांना हेच कार्यक्रम दिले आणि ते पाहून झाल्यावर त्वचेच्या रंगाबद्दल मुलांशी मोकळेपणानं बोलायला सांगितलं. तिसऱ्या गटाला कार्यक्रम दिलेच नाहीत, नुसतं बोलायचं होतं. काय बोलावं, याचे मुद्देही लिहून दिले होते.

हे आईवडील कडवे वर्णद्वेष्टे नव्हते. ऑस्टिन हे टेक्सासमधलं उदारमतवादी शहर, आणि प्रयोगासाठी लोक आपणहून पुढे आले होते. पण बोलायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या गटातली काही कुटुंबं प्रयोगच सोडून गेली. मुलांना रंग दाखवून द्यायची आमची इच्छा नाही, असं त्यातल्या काहींनी स्पष्ट सांगितलं. जी राहिली त्यांतल्याही बहुतेकांनी ‘सगळी माणसं सारखीच असतात’ एवढं बोलून विषय मिटवला. खरोखर सविस्तर बोललेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

व्हिट्रपनं मुलांना एक प्रश्न विचारला होता: तुझ्या आईबाबांना काळी माणसं आवडतात का? १४ टक्के मुलांनी थेट ‘नाही’ म्हणून सांगितलं. ३८ टक्के मुलं म्हणाली, ‘माहीत नाही’. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना आपल्या आईवडिलांबद्दल ‘हो’ म्हणता आलं नाही. आईवडिलांनी वाईट एक शब्द उच्चारला नव्हता, चांगलाही उच्चारला नव्हता. त्यामुळे या बाबतीत घरात काय मानलं जातं, ते मुलांनी आपापलं ठरवून टाकलं होतं.

घरातल्या वर्णद्वेषाचं आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र जेवणाच्या टेबलावर शिव्या घालणाऱ्या बापाचं किंवा विटाळ मानणाऱ्या आजीचं असतं. अशी घरं आहेतच. पण गेल्या काही दशकांतलं संशोधन सांगतं, की वर्णद्वेष रुजायला एवढ्या उघड शिकवणीची गरज नसते. घर मुलासमोर फक्त पुरावा मांडतं आणि त्यामागचा इतिहास सांगत नाही. निष्कर्ष मूल स्वतःच काढतं.

पहिले तीन महिने

सुरुवात पाळण्यापासूनच करावी लागते. ब्रिटनमध्ये डेव्हिड केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. नवजात बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे शेजारीशेजारी दाखवले, तर ती कुठल्याच चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत नाहीत. तीच परीक्षा तीन महिन्यांच्या बाळांवर केली, तर ती स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहतात.

हे वाचून कुणी ‘आपपरभाव उपजतच असतो’ असं म्हणेल. पुढच्याच वर्षी याइर बार-हाइम यांच्या गटानं त्याचं उत्तर शोधलं. त्यांनी तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट घेतले: इस्रायलमधली गोरी बाळं, इथिओपियातली काळी बाळं आणि इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतली बाळं. पहिल्या दोन गटांतली बाळं आपापल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत होती. तिसऱ्या गटातल्या बाळांच्या आजूबाजूला दोन्ही प्रकारचे चेहरे रोज वावरत होते, आणि त्यांनी कुठलाच कल दाखवला नाही. बाळांची संख्या थोडी होती, पण निष्कर्ष स्पष्ट होता. बाळाची नजर वंश ओळखत नव्हती, ओळखीचं काय ते ओळखत होती. आणि बाळाच्या ओळखीचं काय असेल, ते कुणाच्या घरी कोण येतं-जातं यावर ठरतं.

टक लावून पाहणं म्हणजे द्वेष नव्हे, हे इथेच सांगायला हवं. तीन महिन्यांचं बाळ कुणाचा द्वेष करत नाही. पण पुढे ज्यावर थर चढत जातात, तो पाया इथे घातला जातो. फिलिस कॅट्झ यांनी कोलोरॅडोमध्ये सुमारे दोनशे काळ्या-गोऱ्या मुलांचा सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे त्यांनी माणसांची चित्रं असलेले पत्ते ठेवले आणि हवे तसे दोन ढीग करायला सांगितले. निकष कुणीच सुचवला नव्हता. ६८ टक्के मुलांनी ढीग केले ते वंशावरून.

मोठ्यांना याचा पत्ताच नसतो. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना विचारलं होतं, की मुलांना वंशाची जाणीव कोणत्या वयात होते. त्यांचे अंदाज संशोधनातून दिसलेल्या वयांपेक्षा सरासरी साडेचार वर्षांहून अधिक उशिराचे होते. ‘अजून लहान आहे, त्याला काय कळतंय’ असं आपण म्हणत असतो, तेव्हा त्याला कळून बराच काळ लोटलेला असतो.

पिवळा शर्ट, निळा शर्ट

फरक दिसणं वेगळं आणि तो फरक महत्त्वाचा वाटणं वेगळं. दिसणारा प्रत्येक फरक मुलं मनावर घेत नाहीत. डावखुऱ्या मुलांबद्दल किंवा कुरळ्या केसांबद्दल कुणी शाळेत टोळ्या करत नाही. मग रंगाबद्दलच का?

रिबेका बिगलर यांनी १९९७ साली एका उन्हाळी शाळेत याचं उत्तर शोधलं. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना त्यांनी पिवळे किंवा निळे टी-शर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी या रंगांचा रोजच्या कामात वापर केला: पिवळ्यांनी या बाजूला बसा, निळ्यांनी आधी रांग लावा. एकाही रंगाची स्तुती नाही, निंदा नाही. बाकीच्या वर्गांत मुलांनी तेच शर्ट घातले होते, पण शिक्षकांनी रंगांचा उल्लेखच केला नाही. काही आठवड्यांनी पाहिलं, तर ज्या वर्गांत रंगावरून व्यवस्था लावली होती, तिथल्या मुलांना आपल्या रंगाची मुलं जास्त चांगली वाटू लागली होती. बाकीच्या वर्गांत तसं काही झालं नव्हतं.

मोठी माणसं ज्या फरकावरून जग मांडतात, तो फरक मुलं महत्त्वाचा मानतात. आता हा प्रयोग शाळेच्या बाहेर नेऊन पाहू. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे तयार केले, आणि त्यांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. तिथे कर्ज देणं धोक्याचं, असा त्याचा अर्थ होता. १९६८ साली कायद्यानं घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरला, पण तोवर दोन पिढ्यांचं घरदार आणि बचत त्या नकाशांनुसार ठरून गेली होती. आज एखादं गोरं मूल गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहतं तेव्हा त्याला मोडकळीला आलेल्या वस्तीत काळी माणसं दिसतात आणि हिरवळ असलेल्या घरांत आपल्यासारखी. हा त्याच्यापुढचा पुरावा. नकाशा मात्र त्याला कुणी दाखवलेला नसतो.

मानसशास्त्रज्ञ आंद्रेई चिम्पियन यांनी २०१४ साली याबद्दल एक उपयुक्त कल्पना मांडली. एखादी गोष्ट अशी का आहे, असा प्रश्न पडला की मन आधी हाताशी असलेलं उत्तर उचलतं, आणि हाताशी असतात ते त्या वस्तूचे किंवा माणसाचे अंगचे गुण. बाहेरची कारणं, जुने कायदे, पूर्वी झालेला अन्याय, यांच्यापर्यंत पोचायला जास्त माहिती लागते. मोठ्यांचंही असंच होतं, मुलांचं जास्त. ‘ते गरीब वस्तीत राहतात, कारण ते तसेच आहेत,’ हे उत्तर मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. योग्य उत्तर मिळालं नाही, की ते आपोआप तयार होतं.

बोलतं एक, वागतं एक

ज्या घरांत समतेचे संस्कार मुद्दाम केले जातात, तिथे काय होतं? इटलीत लुइजी कास्तेल्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तीन ते सहा वर्षांची गोरी मुलं आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला. आईवडिलांची उघड मतं प्रश्नावलीतून घेतली. न बोललेला कल संगणकावरच्या एका चाचणीतून मोजला. या चाचणीत काळे-गोरे चेहरे आणि चांगले-वाईट शब्द यांच्या जोड्या लावायच्या असतात, आणि कोणत्या जोड्या लावायला वेळ लागतो ते नोंदवलं जातं. एकट्या माणसाबद्दल निकाल द्यायला ही चाचणी कितपत विश्वासार्ह आहे याबद्दल वाद आहेत. गटांच्या अभ्यासात मात्र ती बरीच वापरली जाते.

आईवडील प्रश्नावलीत काय म्हणाले, याचा मुलांच्या मतांशी संबंध दिसला नाही. वडिलांच्या सुप्त कलाचाही नाही. आईच्या सुप्त कलाशी मात्र मुलांची मतं जुळली. मूल आईची मतं वाचत नव्हतं, आईला वाचत होतं.

आई तोंडानं बोलत नाही, तर मुलापर्यंत पोचतं काय? याच गटानं त्याआधीच्या वर्षी मुलांना काही चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यांत एक गोरा माणूस काळ्या माणसाशी बोलतो. कधी तो गोड बोलतो पण अंग चोरून बसतो, नजर टाळतो, अंतर ठेवतो. कधी बोलणं बेताचंच असतं, पण वागण्यात सहजपणा असतो. मुलांनी मत बनवलं ते अंगाच्या भाषेवरून. गोड शब्दांचा फारसा उपयोग झाला नाही.

अमेरिकेत २०१७ साली अ‍ॅलिसन स्किनर, अँड्र्यू मेल्टझॉफ आणि क्रिस्टिना ओल्सन यांनी याच धाग्यावर चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी प्रयोग केला. पडद्यावर एक व्यक्ती दोघींशी बोलते. शब्द तेच, पण एकीशी हसून, पुढे झुकून, मऊ आवाजात. दुसरीशी कपाळाला आठी घालून, मागे रेलून, कोरड्या स्वरात. नंतर विचारलं तेव्हा बहुतेक मुलांना पहिली आवडली होती. खेळणं कुणाला द्यायचं, तर तिलाच. आणि हा कल त्या दोघींच्या मैत्रिणींपर्यंतही पसरला. ज्यांच्याशी पडद्यावर कुणी बोललंच नव्हतं, त्यांच्याबद्दलही मुलांनी मत बनवलं होतं.

लिफ्टमध्ये कुणी आत आलं की पर्स जवळ घेणं, रस्ता ओलांडून पलीकडे जाणं, एका विशिष्ट नावाच्या माणसाशी बोलताना आवाज बदलणं. करणाऱ्याच्या हे लक्षातही नसतं. घराची बोली मूल व्याकरणाचं पुस्तक न उघडता उचलतं, त्यातले हेल आणि लकबींसकट. हेही तसंच उचललं जातं.

सगळे झार्पी सारखेच

शब्दांना मुळीच महत्त्व नाही, असं मात्र नाही. फक्त आपण चुकीच्या शब्दांवर पहारा ठेवतो. शिवी दिसते म्हणून आपण शिवी थांबवतो. अधिक परिणाम करणारं वाक्य वरवर पाहता निरुपद्रवी असतं.

सारा-जेन लेस्ली, मार्जोरी ऱ्होड्स आणि क्रिस्टिना ट्वोरेक यांनी २०१२ साली एक काल्पनिक जमात तयार केली आणि तिचं नाव ठेवलं झार्पी. चित्रांच्या पुस्तकातले झार्पी बायका होते, पुरुष होते, लहान होते, म्हातारे होते, गोरे होते, काळे होते. एकसारखं दिसणं त्यांच्यात नव्हतंच. चार वर्षांच्या मुलांना हे पुस्तक दोन प्रकारे वाचून दाखवलं. काहींना सांगितलं, की चित्रातला हा झार्पी अमुक किड्याला घाबरतो. काहींना सांगितलं, की झार्पी अमुक किड्याला घाबरतात. फरक इतकाच.

दुसऱ्या प्रकारचं वाक्य ऐकलेल्या मुलांना वाटू लागलं, की झार्पी असणं जन्मजात असतं. झार्पीचं बाळ दुसऱ्या कुणी वाढवलं, तरी ते झार्पीसारखंच वागेल. मोठ्यांवर प्रयोग केला, तर तेच घडलं. मग संशोधकांनी उलट दिशेनं पाहिलं. काही पालकांना आधी सांगितलं, की झार्पींचे गुण जन्मजात असतात, आणि मग ते पुस्तक घेऊन त्यांना मुलांसोबत बसवलं. हे पालक ‘झार्पी असे करतात, झार्पी तसे असतात’ अशी सरसकट वाक्यं जास्त बोलू लागले. धारणेतून वाक्यरचना येते, वाक्यरचनेतून पुढच्या पिढीची धारणा. साखळी पुरी होते.

म्हणून ‘ती लोकं मेहनती असतात’ हे वाक्यसुद्धा दिसतं तितकं भलं नसतं. वाक्य स्तुतीचं असतं, पण एक अख्खा समूह एका साच्यातून काढलेला असतो, हा त्यातला धडा मुलाकडे जातो. उद्या त्या साच्यात वाईट गुण घालणं सोपं होतं.

ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांची घरं

रंगाबद्दल गप्प बसणं हीसुद्धा एक सवलत आहे. सुमारे १७ हजार अमेरिकी कुटुंबांच्या माहितीवर आधारलेल्या २००७ सालच्या एका अभ्यासात जवळपास तीन चतुर्थांश गोऱ्या पालकांनी सांगितलं, की वंश हा विषय आम्ही मुलांशी जवळजवळ कधीच काढत नाही. काळ्या आईवडिलांना ही चैन परवडत नाही. पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेव, उलट उत्तर देऊ नकोस, दुकानात खिशात हात घालू नकोस, हे त्यांना मुलगा मोठा होण्याआधी सांगावं लागतं.

आणि रंगाची प्रतवारी त्यांच्या घरातही शिरतेच. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळं सारखं, रंग तेवढा वेगळा. खेळायला कोणती घेशील, चांगली कोणती, वाईट कोणती दिसते, असे प्रश्न विचारले. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली. शेवटी ‘तुझ्यासारखी कोणती?’ असं विचारल्यावर काही मुलं रडू लागली, काही खोलीतून पळून गेली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा हवाला होता.

या प्रयोगातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. गोरी बाहुली निवडण्याचं प्रमाण दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांपेक्षा उत्तरेतल्या मिश्र शाळांतल्या मुलांत थोडं जास्तच होतं. शाळेच्या भिंती पाडून प्रश्न सुटणार नव्हता. दुकानातल्या फळीवर, जाहिरातीत, पुस्तकात कोण सुंदर ठरतं, याचा पुरावा मुलं दोन्हीकडे सारखाच गोळा करत होती. काळ्या आईवडिलांनी असा धडा देण्याचा प्रश्नच नव्हता. घराबाहेरच्या जगानं तो दिला होता.

खाण तशी माती?

मग घराचा वाटा नेमका किती? युलियाने डेग्नर आणि योनास डालेगे यांनी २०१३ साली या विषयावरचे १३१ अभ्यास एकत्र केले. त्यांत पालक-मुलांच्या ४५ हजारांहून अधिक जोड्या होत्या. आईवडिलांचे आणि मुलांचे पूर्वग्रह यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.२९ निघाला. सहसंबंध एक असता तर मूल म्हणजे आईवडिलांची नक्कल ठरली असती, शून्य असता तर घराचा काही संबंधच नसता. ०.२९ याचा हिशेब असा, की मुलामुलांमधल्या फरकाचा फक्त आठ टक्क्यांच्या आसपासचा भाग आईवडिलांच्या मतांशी जोडता येतो. तोही सगळा शिकवणीचा नसतो, कारण आईवडील आणि मूल एकाच मोहल्ल्यात राहतात आणि एकच टीव्ही पाहतात.

‘खाण तशी माती’ ही म्हण या आकड्यापुढे पुरती खरी ठरत नाही, पुरती खोटीही नाही. घर हा एक घटक आहे, एकमेव नाही. आणि घराघरांत फरक असतो. स्टेसी सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांना २००५ साली आढळलं, की ज्या मुलांना आईवडिलांसारखं व्हायचं असतं, त्यांचा सुप्त कल आईवडिलांच्या मतांशी जास्त जुळतो. म्हणजे प्रेमळ घरातला पूर्वग्रह अधिक नेटानं पुढे जातो. वर्णद्वेष मोडलेल्या, भांडकुदळ घरांतच वाढतो, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते.

माणसं या वारशाबाहेर पडतात, त्याचीही उदाहरणं आहेत. ४ सप्टेंबर १९५७ रोजी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात एलिझाबेथ एकफर्ड ही काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली आणि जमावानं तिला घेरलं. त्या दिवशीच्या प्रसिद्ध छायाचित्रात तिच्या मागे तोंड वेडंवाकडं करून ओरडणारी गोरी मुलगी दिसते. ती हेझल ब्रायन, वय वर्षं पंधरा. सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, हेझलनं एलिझाबेथला फोन करून माफी मागितली. तोवर ती स्वतः आई झाली होती. इतिहासाच्या पुस्तकातली ओरडणारी मुलगी ही आपली आई आहे, हे एक दिवस आपल्या मुलांना कळणार, या जाणिवेनं तिला बेचैन केलं होतं.

आपल्या घरात

हे सगळं अमेरिकेचं, असं म्हणून मराठी वाचकाला सुटता येणार नाही. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे वाक्य मुलीला पहिल्यांदा कुठे ऐकू येतं? गरोदरपणात केशराचं दूध कशासाठी दिलं जातं? स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरीपान’ आणि ‘निमगोरी’ या प्रतवाऱ्या कोण लावतं? गोरं करण्याचं आश्वासन देणारं सर्वांत प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि नावातला ‘फेअर’ हा शब्द निघायला २०२० साल उजाडलं. गोरेपणाचं मूळ मात्र अगदीच साधं आहे. एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकातला एक बदल त्वचेचा वर्ण बऱ्याच प्रमाणात उजळ करतो. युरोपीय लोकांत आणि भारतीयांत आढळणारा हा बदल एकाच पूर्वजाकडून आलेला आहे, हे हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ सालच्या अभ्यासातून दिसलं. एकाच घरात एक भाऊ उजळ आणि एक सावळा निघतो, तो अशाच काही जनुकांच्या वाटपामुळे. त्यात कर्तबगारी कुठेच नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात काळ्या माणसाचं स्थान मोठं आहे. अहमदनगरची निजामशाही मोगलांविरुद्ध लढवत ठेवणारा आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला होता. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचे. ही नावं आपण शाळेत पाठ करतो. तरी पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाला घर भाड्यानं देताना सोसायटीत कुजबुज होते, आणि ईशान्येतून आलेल्या मुलीला रस्त्यात ‘चिंकी’ म्हणून हाक मारली जाते. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून चेष्टा सुरू झाली, ती मारहाणीपर्यंत गेली आणि त्यात त्याचा जीव गेला. चेष्टा करणारे कुठल्या ना कुठल्या घरातच वाढले होते.

जात आणि वंश एक नव्हेत. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं, तर एक फरक विचार करायला लावतो. रंग डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही, ती दाखवावी लागते. म्हणून तिथे घराला जास्त काम करावं लागतं: आडनाव ऐकून क्षणभर थांबणं, ‘आपल्यातलेच का?’ हा प्रश्न, कामाच्या मावशींसाठी फडताळात वेगळा ठेवलेला कप. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी घरात कुणी ना कुणी या ना त्या स्वरूपात अस्पृश्यता पाळतं, असं स्वतः होऊन मान्य केलं. त्या कपाबद्दल मुलाला कुणी समजावत नाही. तो कुणाचा, एवढं त्याला चौथ्या वर्षी ठाऊक असतं. पिवळ्या-निळ्या शर्टांच्या वर्गात शिक्षकांनी केलं होतं, त्याहून हे वेगळं नाही.

मग करायचं काय?

दोन गोष्टी संशोधनातून पुन्हा पुन्हा वर येतात: सहवास आणि स्पष्टीकरण.

सहवासाबद्दल पुरावा भक्कम आहे. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यास तपासले. वेगळ्या समूहाच्या लोकांशी संबंध वाढले, की पूर्वग्रह कमी होतो, असं चित्र त्यांतून दिसलं. घराच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचे आहेत ते बेल्जियम आणि स्वीडनमधले अभ्यास. ज्या मुलांची परक्या समूहातल्या मुलांशी मैत्री असते, त्यांच्यावर आईवडिलांच्या पूर्वग्रहाची छाप कमी पडते. घरातला वारसा मित्रामुळे अडतो. मैत्री शक्य नसेल, तिथे गोष्टीही थोडं काम करतात. ब्रिटनमध्ये निर्वासित मुलं आणि स्थानिक मुलं यांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचल्यावर पाच ते अकरा वर्षांच्या मुलांची निर्वासितांबद्दलची मतं सुधारल्याचं २००६ साली दिसलं.

एरिन पाल्के आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासातला निष्कर्ष आईवडिलांना जास्त झोंबणारा आहे. चार-पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांची मतं त्यांच्या आयांनी सांगितलेल्या मतांशी जुळली नाहीत. ज्या आयांच्या मित्रपरिवारात इतर वंशांची माणसं जास्त होती, त्यांच्या मुलांत पूर्वग्रह मात्र कमी होता. आपण काय मानतो, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मुलासाठी आपली पाहुण्यांची यादी असते.

स्पष्टीकरणाबाबत ज्युली ह्यूज आणि बिगलर यांनी २००७ साली सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना नामवंत कृष्णवर्णीयांची चरित्रं शिकवली. काहींना नुसतं कर्तृत्व सांगितलं. काहींना त्या माणसांना सोसावा लागलेला भेदभावही सांगितला. ज्या गोऱ्या मुलांना भेदभाव कळला, त्यांची काळ्या लोकांबद्दलची मतं अधिक चांगली झाली. अन्यायाबद्दल सांगितलं की मुलांच्या मनात विष कालवलं जातं, ही भीती इथे खोटी ठरली. ऑस्टिनच्या प्रयोगातही जी मोजकी घरं खरोखर बोलली होती, त्यांच्याच मुलांची मतं स्पष्टपणे सुधारली.

हे बोलणं अवघड नसतं. मुलानं बसमध्ये मोठ्या आवाजात ‘ही बाई एवढी काळी का?’ असं विचारलं, तर त्याला दटावलं की तो एवढंच शिकतो, की काळं असण्यात काहीतरी लाजिरवाणं आहे. त्याऐवजी सांगता येतं, की प्रत्येकाच्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कुणात कमी कुणात जास्त. तो उन्हापासून वाचवतो, आणि ज्यांचे पूर्वज कडक उन्हाच्या देशांत राहिले त्यांच्यात तो जास्त असतो. मोठ्या मुलाला पुढचंही सांगायला हवं: काही लोकांनी या रंगावरून दुसऱ्यांना गुलाम केलं, वेगळ्या वस्तीत ठेवलं, विहिरीवर येऊ दिलं नाही, आणि म्हणून आज कोण कुठे राहतं ते असं दिसतं. माणसांच्या अंगच्या गुणांकडे गेलेलं बोट यामुळे घडलेल्या घटनांकडे वळतं.

मुलांशी या विषयावर केव्हापासून बोलावं, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पण तीन-चार वर्षांच्या मुलाकडे स्वतःचं उत्तर तयार असतं, मोठ्यांनी ते विचारलेलं नसतं एवढंच. तेव्हा सुरुवात उपदेशानं करू नये, प्रश्नानं करावी: अमुक लोक तिथे का राहतात, मावशींचा कप वेगळा का, तुला काय वाटतं? जे उत्तर येईल ते ऐकताना रागवायचं नाही, कारण ते मुलानं शोधलेलं असलं तरी त्यासाठीचा पुरावा आपणच पुरवलेला असतो. आधी तो कप बदलावा आणि मग मुलाला त्याचं कारण सांगावं.